लाल फितीची अकरा रोपं

बांधावरून समोर येणारा हा माणूस आपल्याला पुढे आवडणार आहे, असं त्या सकाळी तिला कुणी सांगितलं असतं ना, तर तिनं सांगणाऱ्याच्या डोक्यात हातातली झारी घातली असती. पाण्यासकट.

उंच होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना ओली माती. शीळ घालत चालला होता, अगदी खुशीत. आणि काखेत... काखेत हिरव्यागार रोपांची मोळी. शेंगा टच्च भरलेल्या, मुळांना ढेकळं लोंबतायत, आणि एकेका रोपाच्या बुंध्याला एकेक लाल फीत.

त्या फिती तिच्या होत्या. तिनं स्वतःच्या हातानं बांधलेल्या.

"अहो! थांबा! काय आहे ते?"

"हे? भेसळ," तो म्हणाला. दुधाची पिशवी दाखवावी तितक्या सहजपणे त्यानं मोळी दाखवली, वर हसला. "अकरा निघाली. तुम्ही प्रयोगशाळेतल्या का? मी बियाण्याच्या प्लॉटवरून आलोय. कालच रुजू झालो."

"भे-स-ळ?"

"लाल फीत होती ना."

"लाल फीत म्हणजे ठेवायचं!"

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. "लाल म्हणजे... उपटायचं," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडे भेसळीच्या, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या झाडाला लाल फीत बांधतात. दुसऱ्या दिवशी ते काढायचं. सगळीकडे असंच..."

"सगळीकडे गेलं खड्ड्यात! ही माझी झाडं आहेत!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता ती का जाऊ नये, तुम्हीच सांगा. भाजीचं सोयाबीन म्हणजे शेंगा हिरव्या असतानाच तोडायच्या, दाणे सोलून शिजवून खायचे. छान गोड दाणा, ताकदीचा. पण त्याच्या पोटात तीन खोडी. एक द्रव्य आपल्या पाचक रसाचे हातच बांधून ठेवतं. दुसरं अन्नातलं लोह अडवून बसतं. आणि तिसऱ्यामुळे दाण्याला असा कच्चट वास येतो की ताट बाजूला सारावं. खूप उकळलं तर काही खोडी जातात, पण मग रंग जातो, गोडी जाते, खाणाऱ्याची हौसही जाते. तिला या तिन्ही खोडी उकळून नाही, मुळातूनच घालवायच्या होत्या. तीन वर्षं तिनं त्यासाठी वाणांचा संकर केला होता. या हंगामात सहाशे चाळीस रोपं लावली. प्रत्येकाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा घेतला, त्यातला डीएनए काढला आणि जनुकाची खूण दाखवणारे मार्कर लावून एकेकाची कुंडली तपासली. तिन्ही जागी हवी तीच खूण असलेली रोपं किती निघाली? अकरा. सहाशे चाळीसात फक्त अकरा. बी धरण्यासाठी ती वाळेपर्यंत शेतात उभी राहायला हवी होती.

ती आता या लांबुडक्या माणसाच्या काखेत होती.

"तुम्हाला विचारता येत नव्हतं? तोंड नाहीये का?" ती ओरडली. शेजारच्या वाफ्यातली माणसं खुरपी थांबवून बघायला लागली. "हातात झाड आलं की उपटायचं! उपट्या नुसता!"

झालं. दुपारपर्यंत त्याचं नाव सगळ्या संशोधन केंद्रात 'उपट्या' पडलं. तिचं नाव आधीपासूनच 'ठिणगी' होतं, तेव्हा जोडी बरी जमली असं लोक तोंडावर हात ठेवून म्हणत होते. तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सरांच्या खोलीत ती नुसती धुमसत होती. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. चष्मा कपाळावर चढवून ते दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

"महिनाअखेरीला तपासणी आहे," सर म्हणाले. "या अकरांची पुढची पिढी उगवलेली दिसली नाही, तर प्रकल्प बंद. हे तुम्हाला ठाऊक आहे. " मग ते त्याच्याकडे वळले. "आणि तुम्ही, चूक कुणाची?"

आता हा सबबी सांगणार. तिनं बाह्या सावरल्या.

"माझी," तो म्हणाला.

बस्स. एवढंच.

"मग तुमची उमेदवारीची मुदत महिनाअखेरीला संपते, ती मी वाढवणार नाही," सर म्हणाले.

बरी जिरली, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्याच खुशीत ती जिन्यापाशी आली तोच तो मागून धावत आला.

"एक मिनिट! शेंगा सोलू नका."

"तुम्ही मला शिकवणार?"

"हो. म्हणजे नाही... म्हणजे ऐका तर! दाणे भरलेत, फक्त ओले आहेत. शेंगेतच, झाडावरच, सावलीत हळूहळू वाळले तर उगवतात. सोलून उन्हात टाकलेत तर गेले. आमच्या आधीच्या प्लॉटवर एकदा वादळानं झाडं उन्मळली होती, तेव्हा असंच केलं होतं आम्ही."

"आणि उगवली?"

"बरीचशी."

"बरीचशी म्हणजे किती?"

"तेव्हा मोजायला तुमच्यासारखं रागीट कुणी नव्हतं," तो म्हणाला. आणि मग, तिचा चेहरा बघून, पटकन, "मी बादल्या आणतो."

पत्र्याच्या शेडमध्ये अकरा बादल्या मांडल्या. प्रत्येकीत तळाला दोन बोटं पाणी, त्यात मुळं, आणि झाड वरच्या तारेला सुतळीनं सैल बांधलेलं. पाणी रोज थोडं थोडं कमी करायचं. झाडाला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मर्जीनं म्हातारे होतोय, असं तो म्हणायचा. ती रोज सकाळी वही घेऊन यायची आणि भांडायची.

"चार नंबरच्या बादलीत पाणी जास्त आहे."

"चार नंबरला तहान जास्त आहे."

"झाडानं सांगितलं?"

"ते तुमच्यापेक्षा जरा सौम्यपणे सांगतं."

ती वही आपटून निघून जायची. दहा मिनिटांनी परत यायची. कारण सात नंबरच्या शेंगा मोजायच्या राहिलेल्या असायच्या ना! दुसरं काही कारण नव्हतं. मुळीच नव्हतं.

पाचव्या दिवशी झड लागली. पत्र्यावर सकाळपासून बारीक टपटप, हवा ओलीकच्च, आणि दोन नंबरच्या शेंगेवर पांढुरका डाग.  बुरशी! ती पंखा शोधायला धावली. भांडारात पंखा नव्हता, कार्यालयातला कुणी देईना. चडफडत परत आली तर शेडमध्ये एक जुना टेबलफॅन मान हलवत घूं घूं फिरत होता आणि तो डागाळलेली शेंग कात्रीनं कापत होता. त्याचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता.

"हा कुठून आणलात?"

"घरून."

"घरी किती पंखे आहेत?"

"आता? एकही नाही."

तिला याचाही राग आला. असं कुणी चांगलं वागायला लागलं की मनसोक्त चिडता येत नाही, आणि तिला तर चिडायचं होतं. तीन वर्षांची मेहनत त्यानं एका सकाळीत उपटली होती. एका पंख्यावर ती विसरायची?

पण पाऊस काही थांबेना, त्यामुळे तिलाही निघता येईना. दोघं दोन उलट्या क्रेटवर बसून राहिले. पंख्याची मान तिच्याकडे वळली की तिच्या बटा उडायच्या, आणि तो पटकन दुसरीकडे बघायचा. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला पानाच्या तुकड्यावरून कसं कळतं, हे झाड चांगलं का वाईट?"

"डीएनए जेलच्या थरावर पसरला की रेघा येतात. वरची रेघ आली तर खोडी आहे. खालची आली तर नाही. दोन्ही आल्या तर सरमिसळ."

"आणि एकही नाही आली तर?"

"तर काम बिघडलंय. रिकामी जागा म्हणजे उत्तर नव्हे. पुन्हा लावायचं, उत्तर येईपर्यंत."

"कडक आहात."

"आहेच," ती म्हणाली. पण तिचा आवाज, का कोण जाणे, थोडा मऊ निघाला. तिनं तो लगेच खाकरून साफ केला.

घरी तिचे बाबा. निवृत्त घड्याळजी, अजूनही डोळ्याला भिंग लावून शेजाऱ्यांची घड्याळं उघडून बसायचे. आई गेल्यापासून बापलेक दोघंच. रात्रीच्या जेवणाला ती रोज त्याच माणसाचा उद्धार करायची. त्यानं पाणी कसं घातलं, फीत कशी सोडली, उत्तरं कशी उलट देतो.

"आज किती झाले?" एकदा बाबांनी विचारलं.

"कसले किती?"

"दिवस. आठ दिवस मी एकाच माणसाबद्दल ऐकतोय. तुझ्या आईनं पण सुरुवातीला माझ्याबद्दल घरी असंच सांगितलं होतं, मी तिचं घड्याळ बिघडवलं म्हणून."

"बाबा! पुरे हं!"

"बरं बाई, पुरे," बाबा म्हणाले आणि गालातल्या गालात हसत पोळी मोडायला लागले.

चौदाव्या दिवशी शेंगा पिवळ्या पडून खुळखुळायला लागल्या. दोघांनी समोरासमोर बसून त्या सोलल्या. दाणे लहान होते, थोडे सुरकुतलेले. प्रत्येक झाडाचं वेगळं पाकीट केलं, वर नंबर घातला. पाकिटं देताघेता बोटांना बोटं लागली. दोघांनी एकदमच "सॉरी" म्हटलं आणि दोघं एकदमच चिडल्यासारखे पुढच्या पाकिटाकडे वळले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाडाचे पाच पाच दाणे ट्रेमध्ये पेरले. आता नुसती वाट बघायची.

आणि वाट बघणं तिला कधी जमलेलं नव्हतं. तिसरा दिवस, काही नाही. चौथा दिवस, काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिनं ट्रेवर वाकून पाहिलं तर काळी मऊ माती जशीच्या तशी. एक भेग नाही. तिचं डोकं पुन्हा पहिल्या दिवसासारखं तापलं. गेलं सगळं! बादल्या, पंखा, गोड बोलणं, सगळं थोतांड! सरांना सविस्तर लिहून द्यायचंच, कुणी, कधी, कुठला नियम मोडून झाडं उपटली ते. नियमाचा कागद हवा होता. तो फाटकापाशी असलेल्या चौकीत, फायलीत असणार.

चौकीतल्या फायलीवर धूळ होती. तिनं पान उलटलं. हंगामाच्या सूचना. 'निळी फीत: निवडलेले झाड, राखावे. लाल फीत: भेसळ, उपटावी. सर्व विभागांना लागू.' खाली 'वाचून समजले' असा रकाना. त्यात सह्या. तिसरी सही...

तिसरी सही तिची होती.

तीच ती, शेवटी लांब शेपूट ओढलेली. हंगामाच्या सुरुवातीला शेताची किल्ली घेतली त्या दिवशी कुणीतरी चार कागद पुढे सरकवले होते. तिनं घाईत, उभ्या उभ्या, न वाचता सह्या ठोकल्या होत्या. प्रयोगशाळेत कायम लाल म्हणजे 'हात लावू नका'. शेतातही तेच असणार, असं तिनं गृहीत धरलं होतं.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात फाईल नेल्या-आणल्याची नोंद होती. झाडं उपटली त्याच दुपारी फाईल नेली होती. नेणाऱ्याचं अक्षर सुबक, उभं. बादल्यांवर त्यानं घातलेल्या नंबरांचं अक्षर.

त्याला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!

तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि पुढच्याच क्षणाला तिला असा राग आला, असा राग आला की आधीचे सगळे राग त्याच्यापुढे लाडिक वाटावेत. ती कागद घेऊन निघाली ती थेट बियाण्याच्या प्लॉटवर. तो बांधावर बसून खुरपी पुसून पेटीत भरत होता. चार दिवसांनी निघायचं होतं ना त्याला.

"हे काय आहे?"

त्यानं कागद पाहिला. उठून उभा राहिला. "हं."

"हं काय? तुला माहीत होतं! सरांसमोर बोलला का नाहीस?"

"अहो, काय फरक..."

"फरक? तुझी नोकरी जातेय! मी सगळ्यांसमोर तुला वाट्टेल ते बोलले, नाव पाडलं, आणि तू मुकाट्यानं बादल्या भरत बसलास! कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी मागितलं होतं? मला कुणाची दया नको!"

"दया नव्हती ती."

"मग काय होतं?"

 खुरप्याची मूठ पुसलेली होती, तीच तो परत पुसायला लागला.

"रिकामी जागा चालणार नाही," ती कडाडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला संताप येत होता. "बोल. उत्तर येईपर्यंत मी हलणार नाही इथून."

"चूक माझीही होती," तो म्हणाला. "भेसळीचं झाड इतकं टवटवीत नसतं. हाताला कळत होतं, तरी उपटलं. विचारायला हवं होतं... आणि दुपारी हा कागद पाहिला तेव्हा तुम्ही सरांच्या खोलीबाहेर उभ्या होतात. ती झाडं उराशी धरून. लहान मूल पडल्यावर धरतात ना, तशी. वर आणखी हा कागद तुमच्यापुढे कसा धरायचा? मला नाही जमलं. त्या दिवशी नाही. मग रोज सकाळी तुम्ही भांडायला यायला लागलात, आणि... मला वाटलं, खरं सांगितलं तर भांडायला येणार नाहीत."

तिनं हातातल्या कागदाची घडी केली, परत उलगडली. वारा पडला होता. दूर कुठेतरी पाण्याचा पंप धडधडत होता.

"मूर्ख आहेस," ती शेवटी म्हणाली.

"'तू' म्हणालात."

"काय?"

"इतके दिवस 'तुम्ही'. आज आल्यापासून 'तू'. मी मोजलं... बऱ्याच वेळा."

"रागात म्हणाले!"

"मग रागावत जा," तो म्हणाला.

तिला हसू फुटणार होतं. ते तिनं दातांखाली दाबलं आणि त्याचं मनगट धरून त्याला ओढत सरांच्या खोलीत नेलं. कागद टेबलावर आपटला. "सर, ही माझी सही. न वाचता केलेली. चुकीच्या रंगाची फीत मी बांधली. यानं नियमाप्रमाणे झाडं उपटली. काढायचं तर मला काढा."

"सर, मी विचारायला हवं..." तो सुरू झाला.

"तू गप्प बस!"

"मी का गप्प बसू? माझ्याबद्दल चाललंय ना?"

"म्हणून काय मध्ये बोलायचं?"

सरांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "आधी दोघं बाहेर व्हा," ते ओरडले. "मला आता कुणाला काढायचं तेच कळेनासं झालंय! उगवलं तर दोघं राहाल. नाही उगवलं तर प्रकल्पच नाही, मग कोण कुणाला काढतंय? जा!"

दोघं शेडपर्यंत चालत आले. मनगट अजून तिच्या हातात होतं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांपैकी कुणीच ते सोडवलं नाही. ऊन पत्र्याच्या फटीतून ट्रेवर आलं होतं.

सात नंबरच्या रांगेत माती उचलली गेली होती. बारीकशी, नखाएवढी. खाली फिकट हिरवट कोंब, कमरेत वाकून, पाठ आधी वर काढत.

"बघ..." तिनं बोटानं दाखवलं.

"सोयाबीन असंच येतं," तो कुजबुजला. "मान खाली घालून. माफी मागतंय तुमची."

"तुझी मागतंय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मीपण."

दोघं ट्रेशेजारी गुडघ्यांवर बसले. दोनमध्ये एक. नऊमध्ये दोन. चारमध्ये, त्या तहानलेल्या चारमध्ये, तीन. संध्याकाळपर्यंत दहा रांगांत काही ना काही हललं. अकरावी राहिली. सगळ्यांत बारीक झाड होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चप्पल हातात घेऊन धावतच शेडमध्ये आली. तो आधीच तिथं होता, अकरा नंबरसमोर, आणि तिच्याकडे वळलेल्या त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. एकच कोंब होता, पण होता.

तिनं डोळे पुसले. मग खिशातून उरलेली लाल फीत काढली, त्याचा हात पुढे ओढला आणि मनगटाला गुंडाळून गाठ मारली. चांगली करकचून.

तो फितीकडे बघत राहिला. "ही कुठल्या नियमाप्रमाणे? चौकीतल्या का प्रयोगशाळेतल्या?"

"माझ्या."

"म्हणजे... उपटायचं, का ठेवायचं?"

"आणखी एकदा विचारलंस ना," ती डोळे वटारून म्हणाली, "तर उपटेन."

त्यानं परत विचारलं नाही. फक्त दुसऱ्या हातानं गाठ चाचपून पाहिली, पक्की आहे ना म्हणून.